‘प्रॉव्हिजन’ला मराठीत काय म्हणायचं?

नगरची_लेक: मंडळी, एका शब्दापाशी अडलेय. आमच्या चर्चच्या त्रैमासिकासाठी विल्यम कॅरीवरचा एक इंग्रजी लेख मराठीत करतेय. प्रसंग १७९४ च्या फेब्रुवारीतला. कॅरी मिशनकार्यासाठी इंग्लंडहून बंगालमध्ये आला, बरोबर बायको, मुलं आणि मेहुणी. आणलेले पैसे कलकत्त्यात बघता बघता संपले. बायको आजारी, तान्हं मूल कडेवर, अशा स्थितीत सगळे नावेतून सुंदरबनाकडे निघाले. शिधा संपत आलेला. देभाट्याला ईस्ट इंडिया कंपनीच्या मिठाच्या कामावरचा अधिकारी चार्ल्स शॉर्ट भेटला. ओळख ना पाळख, आणि मिशनवर त्याचा विश्वासही नव्हता. तरी म्हणाला, माझ्या घरी राहा, हवे तितके दिवस राहा. लेखात पुढे लगेच ‘गॉड्स प्रॉव्हिजन’ येतं. मी ‘देवाने केलेली तरतूद’ लिहिलं. संपादक म्हणतात, अर्थसंकल्प वाचतोय असं वाटतं. ‘पुरवठा’ लिहावं तर रेशनकार्डाची रांग डोळ्यांपुढे येते. काय लिहू?

भाऊ_सदाशिवपेठ: तरतूदच ठेवा. सरकारने वापरला म्हणून चांगला शब्द टाकून द्यायचा का? आमची आजी ‘पाहुण्यांच्या जेवणाची तरतूद झाली का?’ असं विचारायची, तिला बजेट माहीत नव्हतं. शब्द मुळात अरबी, ‘तरद्दुद’. हिंदी-उर्दूत तरद्दुद म्हणजे विवंचना, घोर. आपल्याकडे येताना घोर मागे राहिला आणि त्यावरची तजवीज तेवढी आली.

मोडीवाचक: मग त्याचा जोडीदारही घ्या: बेगमी. फारसी ‘बे-गम’, म्हणजे ज्याला चिंता नाही तो. घरात वर्षाचं धान्य भरलं की माणूस बेगम, म्हणून त्या साठवणीलाच बेगमी. जाता जाता, तुमच्या कॅरीचं आपल्यावर मोठं ऋण आहे. याच माणसाने १८०५ साली मराठीचं व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश बंगालमधल्या श्रीरामपूरहून काढला, कोशातले मराठी शब्द मोडीत छापून. वैजनाथ पंडितांची मदत होती. देभाट्याला आसरा मिळाला नसता तर त्या कोशाचं काय झालं असतं, कोण जाणे.

नगरची_लेक: कोशाचं लेखात घालतेच. पण तरतूद काय, बेगमी काय, दोन्ही आधी करून ठेवायच्या गोष्टी. इथे आधी कुणीच काही केलेलं नव्हतं. अवचित मिळालं, हाच तर सगळा जीव आहे त्या प्रसंगाचा.

पास्टर_मिरज: ताई, माणसाने आधी केलेलं नव्हतं, पण श्रद्धेने पाहिलं तर देवाने केलेलं होतं. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थच ‘आधी पाहणे’. बायबलमधल्या अब्राहामाला डोंगरावर मुलाऐवजी मेंढा मिळाला, त्या जागेला त्याने जे नाव दिलं त्यातही हिब्रूतला ‘पाहणे’ हाच धातू आहे. आणि मराठीत आपण काय विचारतो? ‘म्हाताऱ्या आईचं आता कोण पाहतं?’ बाकी आमच्या साक्षींमध्ये, म्हणजे देवाचे अनुभव सांगताना, सरळ ‘प्रभूने पुरवलं’ म्हणतात. बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्रातही ‘गरज पुरवील’ असंच आहे. नाम शोधत बसू नका, क्रियापद घ्या.

शब्दांकुर: अस्सल मराठी हवं तर ‘योगक्षेम’ घ्या. नसलेलं मिळणं तो योग, मिळालेलं टिकणं ते क्षेम. शॉर्टने आसरा दिला आणि त्याच वर्षी जॉर्ज उडनीने मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर महिना दोनशे रुपयांची नोकरी दिली. योगही झाला, क्षेमही.

पास्टर_मिरज: अर्थाने चपखल आहे. पण तो शब्द कानावर पडला की गीतेचा नववा अध्याय आणि एलआयसीचं बोधवाक्य आठवतं. आमचा वाचक बिचकेल.

शब्दांकुर: का बिचकावं? रेव्हरंड टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओव्यांत आणली, ती लोकांनी डोक्यावर घेतली. शब्दाला धर्माचा दाखला मागायचा नसतो.

भाऊ_सदाशिवपेठ: ‘अस्सल’ हा शब्दच अरबीतून आलाय, तेव्हा अस्सलपणाचा आग्रह जरा बेतानं.

वसईची_रोझी: तुम्ही सगळे देव काय करतो त्याला शब्द शोधताय, आणि शॉर्ट बिचारा वाक्यातून गायबच झाला. त्याच्या घरात आजारी माणसं आली, पोरं आली, त्याने सगळ्यांचं केलं. आधी कलकत्त्यात माणिकतळ्याला राहायला घर दिलं ते एका श्रीमंत बंगाली हिंदू गृहस्थाने, भाडं न घेता. तोही कुठेच नाही! बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात प्रेषित पौलाचं जहाज माल्टाला फुटलं, २७६ माणसं भिजून किनाऱ्याला लागली. तिथे ते पुस्तक लिहिणारा लूक सगळ्यात आधी बेटावरच्या लोकांबद्दल सांगतो. पाऊस आणि गारठा होता म्हणून त्यांनी शेकोटी पेटवली, आणि तीन महिन्यांनी निघताना लागेल ते सगळं जहाजावर चढवून दिलं. कुणी दिलं ते आधी लिहा. आपल्याकडे म्हणतातच की, ‘देवासारखा धावून आला’.

पास्टर_मिरज: माणसाला देवासारखा म्हणणं आमच्या छापील मजकुरात चालणार नाही.

वसईची_रोझी: पास्टरकाका, आमच्या वाड्यात फादरच्या तोंडूनसुद्धा ऐकलंय मी. बोलण्यात चालतं तर छापण्यात का नाही?

नगरची_लेक: रोझीताई, हे मला पटतंय. ‘शॉर्टने घर उघडून दिलं; कॅरीच्या मनाला ते देवाने पुरवलं असं वाटलं’ अशी दोन वाक्यं केली तर? पुढे याच शॉर्टने कॅरीच्या मेहुणीशी लग्न केलं, म्हणजे तो नुसता वाटेत भेटलेला उपकारकर्ता राहत नाही, घरचाच होतो.

शब्दांकुर: एका शब्दाची दोन वाक्यं म्हणजे अनुवाद नव्हे, पळवाट.

म्हापशेकर: बेगमीवरून आठवलं. आमच्या गोव्यात पावसाळ्याच्या साठवणीला ‘पुरुमेंत’ म्हणतात, पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून. म्हणजे तुमचा हा प्रॉव्हिजन आमच्या माळ्यावर कधीचा येऊन बसलाय! मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चचं पुरुमेंताचं फेस्त भरतं. सुकी मासळी, मिरच्या, सोलं, चिंच, सगळं तिथेच भरून ठेवायचं.

वसईची_रोझी: आमच्याकडे ती आगोट! आई मे महिना लागला की ‘आगोटीचं भरायचंय’ म्हणून मागे लागायची. सुके बोंबील, जवळा, वर्षाचा मसाला.

मोडीवाचक: आगोट म्हणजे मुळात पावसाच्या तोंडचे दिवस ना? मग साठवणीलाच आगोट कधीपासून म्हणायला लागले?

वसईची_रोझी: आम्ही दोन्हीला म्हणतो. ‘आगोट आली’ म्हणजे दिवस, ‘आगोट भरली’ म्हणजे सामान.

भाऊ_सदाशिवपेठ: देशावर हा शब्द ऐकला नाही. रत्नागिरीकडचं कुणी आहे का इथे? तिकडे साठवणीला काय म्हणतात?