वॅगनआरवर ४० मीटर: एसडब्ल्यूआर १.३ येतो, पण कोणी ऐकतच नाही

कळवेकर

नमस्कार मंडळी. हौशी (हॅम) रेडिओचा जनरल ग्रेडचा परवाना नुकताच हातात आला. राहतो पारसिकनगरला, नोकरी महापेला, गाडी सीएनजी वॅगनआर. छतावर चुंबकी माउंटवर दोन मीटर आणि ७० सेंटिमीटर या बँडचा (ही नावं तरंगलांबीची) छोटा अँटेना आहे, त्याची काही तक्रार नाही. आता १०० वॉटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा, लांब पल्ल्याचा) सेट बसवलाय. महिन्यातून दोनदा माळशेजमार्गे ओतूरला गावी जातो, त्या वाटेवर ४० मीटरच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झ) बोलायची फार इच्छा आहे.

एका मित्राकडून साधारण दोन मीटर उंचीचा मल्टिबँड व्हिप (अनेक बँडचा सळईचा अँटेना) उसना आणला. ४०, २०, १५ आणि १० मीटर, शिवाय दोन मीटरही चालतो. डिकीच्या दाराच्या कडेला क्लॅम्प माउंट लावला. सोसायटीच्या पोडियम पार्किंगमध्ये ट्यून केला, ७.१०० मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून शक्ती किती परत येते याचं माप, एकला एक म्हणजे काहीच नाही) १.३ आला. त्यानंतर तीन रविवार सकाळी हाका मारतोय. मला बंगळूर, हैदराबाद सगळे छान ऐकू येतात, पण उत्तर कोणी देत नाही. एकदाच कोणीतरी म्हणालं, "कुणीतरी आहे, पण कळत नाही."

विचारायचं असं की हा व्हिप परत करून मोटारवाला (मोटारीने ट्यून होणारा) अँटेना घ्यावा का? आणि एचएफसुद्धा चुंबकी माउंटवर नेलं तर चालेल का? दाराला क्लॅम्प लावून रंग खराब होतोय, घरचे नाराज आहेत.

घणसोली_मोबाइल

१.३ म्हणजे अँटेना उत्तम आहे भाऊ. बँडची हवा खराब असेल, थोडे दिवस थांबा. मी १०, ६, २ मीटर आणि ७० सेंटिमीटर असा चार बँडचा सव्वा मीटरचा अँटेना चुंबकावर वापरतो, ठाणे-बेलापूर रोडवर रोजचं काम मस्त होतं. ४० मीटर घरूनच करावं असं माझं मत.

वर्तकनगरकर

घणसोलीकरांचा चार बँडचा अँटेना त्यांच्या कामाला योग्यच आहे. पण कळवेकर, तुमच्या प्रश्नात मला १.३ हाच आकडा खटकला.

४० मीटरचा पाव तरंग साडेदहा मीटरचा. तुमचा व्हिप दोन मीटर. एवढ्या आखूड व्हिपचा खरा उत्सर्जनाचा रोध जेमतेम एक-दोन ओहम भरतो. बाकीचे ओहम व्हिपमधल्या कॉईलमध्ये आणि गाडीच्या पत्र्यात, जमिनीत जळतात. चांगल्या बसवलेल्या आखूड व्हिपचा बुडाशी एकूण रोध २० ते २५ ओहम येतो, म्हणजे मॅचिंग (रोध जुळवणारी जोडणी) न लावता एसडब्ल्यूआर दोनच्या आसपास दिसायला हवा. तुम्हाला काहीही न लावता १.३ येतोय, म्हणजे कुठेतरी आणखी १५-२० ओहम निव्वळ वाया जाताहेत. उत्सर्जनाचा दीड ओहम धरला तर ४० ओहमात १०० वॉटमधले चारच वॉट हवेत जातात. तेच २० ओहम केलेत की साडेसात. डमी लोडचा (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती नुसती जाळणारा रोध) एसडब्ल्यूआर तर एकला एक असतो, त्यावर कोणी बोलतं का?

हे मी अनुभवातून सांगतोय. माझ्या आधीच्या गाडीवर, तीसुद्धा हॅचबॅकच, तीन महिने एसडब्ल्यूआर १.२ होता. नागपूरचे एक ज्येष्ठ ओएम ('ओल्ड मॅन', म्हणजे हॅम मित्र) रोज सकाळी कानात प्राण आणून ऐकायचे आणि म्हणायचे, "काका, आहात एवढंच कळतंय." शेवटी एका रविवारी माउंट सोडवला. त्याला दाराच्या कडेच्या आतून चार छोटे पेच आहेत, त्यांनी रंग फोडून पत्र्यात रुतायचं असतं. भिंगातून पाहिलं तर रंग तसाच चकचकीत, दोन पेचांखाली सुईच्या टोकाएवढे ठिपके आणि उरलेल्या दोघांखाली ओरखडासुद्धा नाही. मल्टीमीटरचं एक टोक माउंटला, दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं: १४ ओहम. डिकीचं दार हलवलं की आकडा नाचायचा.

कडेच्या आतल्या बाजूला नखाएवढी जागा पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा केला, पेच आवळले, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. खाडीची हवा आहे आपल्याकडे, उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजतो. बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे घरच्यांचीही समजूत निघेल. पण त्याआधी दाराला फ्रिजवरचं चुंबक चिकटतं का ते बघा. काही गाड्यांची दारं प्लास्टिकची निघतात, तिथे हा सगळा खटाटोप फुकट.

आता मुद्द्याचं. डिकीचं दार गाडीला फक्त बिजागरांनी धरलेलं असतं आणि बिजागरांत ग्रीस असतं. जुन्या आरजी-२१३ केबलच्या वरची तांब्याची जाळी ओढून काढायची, चपटी करायची आणि दार ते बॉडी अशा दोन पट्ट्या बिजागरांजवळ बांधायच्या, जमतील तितक्या आखूड. मग बॉनेटला दोन, सायलेन्सरच्या पाइपला एक. मला अख्खा रविवार लागला. संध्याकाळी मोजलं तर एसडब्ल्यूआर १.२ चा १.९ झाला होता! जीव खट्टू झाला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तेच नागपूरचे ओएम म्हणाले, "आज काय केलंत? प्रत्येक शब्द कळतोय." तो सकाळचा आवाज मी अजून विसरलेलो नाही.

१.९ खाली आणायला बुडाशी, मधली तार आणि बॉडी यांच्यामध्ये एक कॉईल लावली. जाड एनॅमलची तार, २५ मिलिमीटरच्या पाइपवर ९ वळसे, लांबी चार सेंटिमीटर पसरलेली, साधारण १ मायक्रोहेन्री. ती लावल्यावर व्हिप किंचित आखूड करायचा, म्हणजे अँटेना थोडा कपॅसिटिव्ह होतो आणि कॉईल उरलेलं सांभाळते. वळसे बोटांनी थोडे पसरवत, थोडे दाबत बघायचं. माझा १.२ वर आला, आणि या वेळेचा १.२ खरा होता.

चुंबकाचं विचारलंत. चुंबक पत्र्याला धातूने जोडलेला नसतो, मधल्या रंगातून कपॅसिटरसारखा जोडला जातो. समजा २०० पिकोफॅरड मिळाले, तर १४५ मेगाहर्ट्झला ते साडेपाच ओहमचं काम, म्हणून तुमचा छोटा अँटेना छान चालतो. ७ मेगाहर्ट्झला तेच ११० ओहमच्या वर जातं. तेव्हा चुंबकावर ४० मीटर नको.

ट्यूनिंग पार्किंगमध्ये करू नका. वर सळ्यांचा स्लॅब आहे, शेजारी गाड्या आहेत, तिथला आकडा तिथेच राहतो. मोकळ्या जागी जा, गाडीची सगळी दारं बंद करा आणि मोजताना स्वतःही चार पावलं लांब उभे राहा. नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं यंत्र) असेल तर अँटेनाच्या बुडाशी लावून बघा. सेटकडच्या टोकाला मोजलं तर केबलचं नुकसान एसडब्ल्यूआर चांगला दाखवतं. ५ मीटर आरजी-५८ केबलमध्ये १४५ ला साधारण १ डेसिबल जातो, ४३५ ला त्याच्या दुपटीच्या जवळपास.

४० मीटरवर आखूड व्हिपची बँडविड्थ, म्हणजे एका ट्यूनिंगमध्ये चालणारा पट्टा, फार कमी. आपल्याला ७.० ते ७.२ असे २०० किलोहर्ट्झ मिळतात, त्यातले ३०-४० एका वेळी पदरात पडतात. माझ्या व्हिपला टोकाची सळई ५ मिलिमीटर हलवली की १० किलोहर्ट्झच्या आसपास सरकतं. सळईवर करवतीच्या पात्याने दोन खुणा करून ठेवल्यात, एक ७.०६० ची, एक ७.१५० ची. आणि मल्टिबँडमध्ये एका बँडची सळई हलवली की दुसराही सरकतो, म्हणून सगळ्या बँडची फेरी दोनदा करायची. दोन मीटरचा पाव तरंग सुमारे ४९ सेंटिमीटर, तिथे एका सेंटिमीटरला ३ मेगाहर्ट्झ सरकतात, म्हणजे आपला १४४ ते १४६ पूर्ण बँड त्याच्या आत बसतो. तिथे २-२ मिलिमीटरनेच कापा.

मोटारवाला अँटेना चांगला, नाही म्हणत नाही. पहिले असे अँटेना बिनवायरी स्क्रूड्रायव्हरच्या मोटारीवर केले होते, म्हणून त्याला स्क्रूड्रायव्हर म्हणतात. यायसू कंपनीचा एटास-१२०ए ७ मेगाहर्ट्झपासून ४३० पर्यंत जातो आणि त्यांच्या ठरावीक सेटवरून अँटेनाच्या केबलमधूनच हलतो. पण त्यालाही हाच पत्रा लागणार. आधी जमीन, म्हणजे माउंट आणि पत्र्याची जोडणी, नीट करा, मग पैसे घाला. आणि कोणताही घेतलात तरी कॉईल छताच्या वर येईल असा बसवा, दाराच्या काचेशेजारी कॉईल ठेवली की सगळी शक्ती गाडीतच मुरते.

सीएनजी आहे म्हणून एक कळकळीचं. केबल सिलिंडरला किंवा त्याच्या पाइपला टेकवून नेऊ नका, खाली कुठेही भोक पाडू नका, आणि पंपावर रांगेत लागण्याआधी सेट बंद.

खारघरहून

काकांनी सगळं सांगितलंच आहे, दोनच गोष्टी जोडते. बुडाशी घडी पडणारा माउंट घ्या. आमच्या मॉलच्या बेसमेंटला २.१ मीटरचा दांडा आहे, तिथे माझी पहिली सळई वाकली. दुसरं, पामबीचवर इंजिन बंद करून एकदा ऐका आणि मग चालू करून ऐका, म्हणजे तुमच्या गाडीचा गोंगाट किती ते कळेल. उच्च दाबाच्या तारांखाली मोजू नका. आणि २० मीटरही करून बघा. दोन मीटर उंचीचा व्हिप तिथे बराच जास्त उत्सर्जन करतो, माझं गाडीतून पहिलं परदेशी उत्तर १४ मेगाहर्ट्झवरच आलं.

कळवेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, काल पेच सोडवले. चारपैकी तीन पेचांखाली रंग अखंड होता! मल्टीमीटरवर २२ ओहम. पत्रा घासला, दाराच्या दोन पट्ट्या बांधल्या, बॉनेट अजून बाकी आहे. आता ०.४ ओहम दाखवतो, त्यातले ०.३ मीटरच्या तारांचेच आहेत. मग पारसिक टेकडीवर मोकळ्यात नेऊन मोजलं: १.७. बघून खरंच आनंद झाला.

एनॅमलची तार घरातल्या जुन्या मोटारीची निघाली, पण फार बारीक आहे, शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन जाड आणतो. रविवारी ओतूरला निघतोय. साडेसहाला मुरबाडच्या पुढे ७.१०० वर हाक मारेन, काका तुम्ही जवळचे म्हणून कदाचित ऐकू येणार नाही, पण नागपूरच्या ओएमना माझ्यासाठी कान द्यायला सांगाल का? ७३ (हॅम मंडळींचा निरोपाचा नमस्कार).

वर्तकनगरकर

आत्ताच सांगितलं त्यांना. पावणेसातपर्यंत थांबतो म्हणाले. ७३.