ब्रसेल्सवर लिहिणारी खास नियतकालिकं : नागरिकांसाठी की लॉबीवाल्यांसाठी?

चौकस_वाचक :
'द पार्लमेंट', 'यूरॅक्टिव्ह', 'ईयू ऑब्झर्व्हर', 'पोलिटिको'ची युरोप आवृत्ती... युरोपीय संघाच्या कारभाराला वाहिलेली ही नियतकालिकं मी बरीच वर्षं वाचतोय. ती नसती तर संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रसेल्समध्ये काय शिजतंय ते कुणाला कळलंच नसतं, असं माझं ठाम मत आहे.

२०१४ चा हापूस आठवा. खेपांमध्ये फळमाशी सापडली म्हणून १ मेपासून संघाने भारतीय आंबा बंद केला, सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. ऐन हंगामात! हे ठरलं मार्चमध्येच, सदस्य देशांच्या वनस्पती-आरोग्य समितीत. युरोपीय संसदेत नव्हे. अशा समित्यांचे कागद रोज चाळणारा पत्रकार तुमच्या-माझ्या दैनिकाला परवडत नाही. त्यासाठी त्याच कामाला वाहून घेतलेलं नियतकालिकच हवं.

पश्चिमवारा :
अजिबात पटलं नाही. आधी पैसे कोण देतं ते बघा. 'युरोपियन व्हॉइस' हे साप्ताहिक १९९५ मध्ये इकॉनॉमिस्ट समूहाने काढलं. पुढे ते 'पोलिटिको' आणि आक्सेल श्प्रिंगर या जर्मन प्रकाशनसंस्थेने मिळून घेतलं आणि २०१५ मध्ये त्याच जागी 'पोलिटिको'ची युरोप आवृत्ती उभी राहिली. तिची खरी बारीक माहिती महागड्या 'प्रो' वर्गणीत असते. ती वर्गणी कंपन्या, वकिलाती आणि सल्लागार संस्था भरतात. संघाच्या पारदर्शकता नोंदवहीत, म्हणजे लॉबी करणाऱ्यांच्या यादीत, १२,००० हून जास्त संस्थांची नोंद आहे, हा त्यांचा वाचकवर्ग. बल्गेरियातल्या शेतकऱ्याला त्यातलं काय मिळतं? संघाच्या अधिकृत भाषा २४, आणि ही पत्रकारिता बहुतेक इंग्रजीत.

रात्रपाळी :
पश्चिमवारा यांना दुजोरा. डिसेंबर २०२२ मधलं, कतारकडून लाच घेतल्याच्या आरोपाचं प्रकरण घ्या. युरोपीय संसदेच्या एक उपाध्यक्षा एवा काइली यांना अटक झाली. ती बातमी पहिल्यांदा दिली 'ल स्वार' आणि 'क्नाक' या बेल्जियमच्या सर्वसाधारण वृत्तपत्र-साप्ताहिकांनी. त्याच इमारतीत रोज वावरणाऱ्या खास पत्रकारांना सुगावा लागला नाही. ज्यांच्याकडून रोज कायद्यांचे मसुदे मिळवायचे त्यांच्याकडे संशयाने बघणं अवघड जातं, हे मला यामागचं कारण वाटतं.

चौकस_वाचक :
रात्रपाळी, तो तपास बेल्जियमच्या पोलिसांचा होता. स्थानिक पत्रकारांचे पोलिसांत संबंध असतात, त्यामुळे बातमी तिथून येणं साहजिक आहे. पण भाषेचा मुद्दा मला खरंच टोचला. वर्गणीबद्दलही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

तरीही एक सांगा. कायद्याचा मजकूर शेवटी ठरतो तो 'ट्रायलॉग'मध्ये, म्हणजे आयोग (संघाचं कार्यकारी मंडळ), संसद आणि सदस्य देशांची परिषद यांच्या बंद दाराआडच्या बैठकीत. ७२० खासदारांपैकी बहुतेक जण त्या खोलीत नसतात. तिथला फुटलेला मसुदा छापला जातो तेव्हा कंपन्यांसोबत पर्यावरणवाले आणि कामगार संघटनाही तो वाचतात. छापलाच नाही तरी कंपन्यांना तो मिळतोच, त्यांची माणसं तिथेच बसलेली असतात. नुकसान होतं ते बाकीच्यांचं.

पश्चिमवारा :
हा मुद्दा मान्य. पण मग तो मसुदा वर्गणीच्या कुलपाबाहेर ठेवा. 'ईयू ऑब्झर्व्हर' ना-नफा तत्त्वावर चालतं, म्हणजे दुसरी वाट आहे. आणि खासदाराच्या लेखाशेजारी उद्योगसंघाचा प्रायोजित मजकूर तशाच मांडणीत छापणाऱ्यांना मी पत्रकार म्हणणार नाही.

बागायतदार_देवगड :
तुमचं सगळं वाचलं. आमच्या घरची बाग आहे, म्हणून लिहितो. २०१४ ला आम्हाला बंदी कळली ती व्यापाऱ्याने दर पाडला तेव्हा. जानेवारी २०१५ मध्ये ती उठवायचं ठरलं, तेही व्यापाऱ्याकडूनच कळलं. मध्ये एक अख्खा हंगाम गेला. ब्रसेल्सच्या मासिकात आधी छापून आलं असेल किंवा नसेल, आमच्यापर्यंत कुणी आणलं नाही. आता संघाचा आयोग अंमलबजावणीच्या बऱ्याच नियमांचे मसुदे आपल्या संकेतस्थळावर चार आठवडे हरकतींसाठी ठेवतो, आणि परदेशातल्या माणसालाही लिहिता येतं. इथे इतके जाणकार आहात. फळांवरच्या कीड आणि औषध-अंशाच्या मसुद्यांवर कुणी नजर ठेवून मराठीत चार ओळी टाकेल का? आमच्या तालुक्यात त्या पोचवायचं काम माझं.

चौकस_वाचक :
मी टाकतो. या रविवारपासून, याच धाग्यावर.