उन्हाळ्यात मसालेदार परफ्युम लावावा का? (सोलापूरकरांनीच सांगा)

जुळेकर: मंडळी, मेव्हण्याने एक परफ्युम दिलाय, ईडीपी (ओ द पार्फम, म्हणजे जास्त तेलाचा कडक प्रकार), दालचिनी लवंग आणि खाली तंबाखू व्हॅनिला असला प्रकार. मारल्या मारल्या मिरीचा झणका नाकात जातो, मग थोड्या वेळाने लवंग वर येते आणि संध्याकाळी शर्टाच्या कॉलरला नुसता गोडसर तंबाखू उरतो, तो भाग मला जाम आवडतो. पण ऑफिसात शेजारचा म्हणतो दातांच्या डॉक्टरकडनं आलास का 😄 आता मार्च लागला, दुपारी गाडीवरनं होटगी रोडला फिरायचं असतं, लावू का कपाटात ठेवून देऊ?

पार्कचौक_कट्टा: शेजाऱ्याचं नाक बरोबर हाय बे. लवंगेतलं युजेनॉल दाताच्या सिमेंटमध्येपण वापरतेत, तोच वास. आणि एप्रिल-मेला पारा ४० च्या वर गेला की अंग तापतं, मसाले एकदम भसकन उडतेत आणि मागं व्हॅनिला चिकट गोड लागतंय. दिवाळीपर्यंत ठेवून दे, तवर खस नाहीतर लिंबूवालं काहीतरी बघ.

जुना_गिरणगावकर: मी बारा महिने लावतो, कुणी काही म्हणत नाही. आमचे वडील ओल्ड स्पाइस आफ्टरशेव्ह लावायचे, पुरुषांसाठी तो १९३८ मध्ये आला, त्यातही दालचिनी जायफळच की, तेव्हा कोण ऋतू बघत होतं.

पार्कचौक_कट्टा: काका, तुमचा आफ्टरशेव्ह हलका, जरा वेळात उडून जातो, ईडीपीत सुगंधी तेल साधारण १५ ते २० टक्के असतंय. बरोबरी कशी करताय?

अत्तरप्रेमी: भांडू नका रे. मधला मार्ग आहे, मानेवर मारायचंच नाही, बनियनच्या आत छातीवर एकच स्प्रे, म्हणजे जवळ येईल त्यालाच कळतं. आणि दाढी केल्या केल्या गालाला अजिबात नको, दालचिनीतलं सिनॅमाल्डिहाइड काहींच्या कातडीला चावतं, लालभडक होतं. दुपारसाठी रमजानात विजापूर वेशीच्या मीना बाजारात जा, अत्तरवाल्याकडनं खस घे, अल्कोहोल नसतं, कानामागं बोट टेकवलं की झालं. स्वस्तात पडतं हे वेगळंच.

जुळेकर: पटलं. दुपारी खस, आणि संध्याकाळी तलावाकडं फिरायला जाताना छातीवर एक स्प्रे. शेजाऱ्यासाठी मात्र उद्या मुद्दाम दोन मारून जाणार.