'पोच' हा शब्द मुलांच्या भाषेबद्दल वापरावा का?

सायली_वा
मी लहान मुलांची स्पीच थेरपिस्ट आहे. पालकांना द्यायची एक प्रश्नावली मराठीत करतेय. मुलाला किती शब्द येतात हे त्यात विचारायचं नाही. ते माणसांत कसं बोलतं, हे हवंय. दुसऱ्याचं संपेपर्यंत थांबतं का? विषय बदलला की त्याच्या लक्षात येतं का? इंग्रजीत याला 'प्रॅग्मॅटिक लँग्वेज' म्हणतात. मी वर लिहिलं, 'भाषेची पोच'. परवा एका आईने पहिलं पान वाचून पेन खाली ठेवलं. "म्हणजे माझ्या मुलाला पोच नाही, असंच ना? घरचे रोज हेच म्हणतात." शब्द तिथेच खोडला. दुसरा सुचवा.

अनुस्वार
खोडायला नको होता. पोच म्हणजे पोचणं, पोचपावतीतली तीच. बोललेलं समोरच्यापर्यंत पोचलं का, हेच तर तुम्ही तपासता. लोक टोमणा मारायला वापरतात म्हणून चांगला शब्द टाकायचा का?

रानजाई
व्युत्पत्ती त्या आईच्या काय कामाची? 'पोच' मी कायम नकारातच ऐकलाय. "पोरीला छान पोच आहे हो" असं कोणी कौतुकाने म्हटलेलं आठवतंय का? 'बोलण्याचं भान' करा.

अनुस्वार
भानही सुटतं आणि हरपतं, मग तोही नकारातलाच. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स मॉरिसने १९३८ मध्ये चिन्हांच्या अभ्यासाचे तीन भाग पाडले: रचना, अर्थ, वापर. हा तिसरा. सरळ 'भाषेचा वापर' म्हणा.

नदीकाठ
नावाआधी प्रश्न मराठी करा. 'थँक यू म्हणतो का' हा प्रश्न आमच्या घरात फुकट जाईल. आजीने पाणी दिलं आणि मी आभार मानले, तर ती विचारेल, "रागावलास का रे?" त्यापेक्षा 'येतो' विचारा. काका "येतो" म्हणून निघाले, तर सात वर्षांचा माझा भाचा त्यांच्यासाठी लाडू राखून उंबऱ्यावर बसला. लाडू हातात मऊ पडला तरी उठेना, "काका येतो म्हणालेत." शब्द त्याला अचूक कळला होता.

'आपण' आणि 'आम्ही' हेही घ्या. तो शेजारच्या काकूंना म्हणाला, "उद्या आपण मामाकडे जाणार." त्यांनी विचारलं, "मीपण?" तर गोंधळून बघत राहिला.

सायली_वा
नदीकाठ, दोन्ही घेते. 'आपण'च्या प्रश्नाआधी घरची भाषा मात्र विचारावी लागेल. हिंदीत दोन्हींना 'हम'च. तिथून आलेल्या मुलाची चूक ही दुसऱ्या भाषेची सवय असते, त्यात दोष शोधायचा नसतो. नावाची घाई यासाठी की अमेरिकन मनोविकार वर्गीकरणाच्या २०१३ च्या आवृत्तीत माणसांत बोलताना येणारा हा त्रास ऑटिझमपासून वेगळा नोंदवला आहे. फाइलवर आपण काय लिहितो, ते मुलासोबत शाळेपर्यंत जातं. आणखी एक अडचण: 'बोलताना आपली पाळी येईपर्यंत थांबतो का' हे वाचून वडील मंडळी अवघडतात.

रानजाई
मग 'बारी' लिहा.

अनुस्वार
बारी हिंदी. आळीपाळी, पाळीपाळीने हे सगळं आपलं असताना लाजायचं कशाला?

रानजाई
पंढरपूरला दर्शनबारीत उभे राहणारे वारकरी हिंदी बोलतात का?

नदीकाठ
भांडू नका. त्या आईचं काय झालं?

सायली_वा
फॉर्म बाजूला ठेवला. ती सांगत गेली, मी लिहून घेतलं. मुलगा रिक्षावाल्या काकांना रोज तोच एक प्रश्न विचारतो आणि ते रोज उत्तर देतात, हे सांगताना ती पहिल्यांदा हसली. वरची ओळ अजून कोरीच आहे.

खारीक
पाळीऐवजी 'डाव' का नको? पोरं खेळात तेच म्हणतात. लपाछपीत 'राज्य' येतं तेही तसंच. पण ज्याच्यावर राज्य येतं त्यालाच सगळ्यांना शोधत फिरावं लागतं, मग त्याला राज्य का म्हणतात? कोणाला माहीत आहे का?