आण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन, डॉक्टर अभ्यासात भाग घ्या म्हणतायत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, धागा थोडा मोठा झालाय पण प्लीज पूर्ण वाचा, गुरुवारी वॉर्डात भरती व्हायचंय आणि त्याआधी हो-नाही सांगायचंय.

आण्णा म्हणजे माझे वडील, वय ६३, सातारा जिल्ह्यात गावी असतात, चार म्हशी आहेत, दूध डेअरीला घालतात. उजव्या जांघेत गाठ येते, आडवं झालं की आत जाते आणि खोकला आला किंवा कॅन उचलला की परत बाहेर. लंगोट आवळून त्यांनी बरेच दिवस काढले, कुणाला बोलले नाहीत. आता गाठ मोठी झालीय, संध्याकाळपर्यंत ओढ लागते म्हणतात. मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात दाखवलं, हर्निया आहे, ऑपरेशन करून घ्या म्हणाले, रक्त लघवी ईसीजी सगळं झालं, भूलवाल्या डॉक्टरांनी फिटनेस दिला. इथपर्यंत काहीच तक्रार नाही, ओपीडीत गर्दी असूनही नीट तपासलं.

आता मुद्दा. पीजी करणारे, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकणारे एक डॉक्टर आले आणि म्हणाले आमचा एक अभ्यास चालूय, त्यात आण्णांना घेता येईल. दोन पद्धतींची तुलना आहे. एक नेहमीची, कमजोर जागेवर कृत्रिम धाग्यांची जाळी बसवायची, लिक्टेनस्टाईन म्हणतात ती. दुसरी देसर्डा पद्धत, त्यात जाळीच नाही. कुणाला कुठली करायची हे बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार, ना डॉक्टर ना पेशंट. मराठीत छापलेलं माहितीपत्रक दिलं आणि वाचून सही करा म्हणाले. डॉक्टर बोलायला चांगले होते पण मागं लाईन लागलेली, घाईत होते. आणि ते पत्रक मराठीत असलं तरी सरकारी जीआर असतो तसल्या भाषेत आहे. आण्णा रोज पेपर वाचतात, तरी दोन पानांनंतर त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. मी विचारलं तर म्हणाले, "मोठे डॉक्टर म्हणतील तिथं सही करायची. त्यांना नाही म्हणून कसं चालंल, सुरी त्यांच्याच हातात हाय."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. अभ्यासाला माझा विरोध अजिबात नाही, असे अभ्यास झाले म्हणूनच आज आण्णा दोन दिवसांत घरी येऊ शकतात. पण त्यांनी हो म्हणायचं तर समजून म्हणावं, भीतीनं नको.

मी माझ्या परीनं वाचलं. पुण्याचे सर्जन डॉ. मोहन देसर्डा यांनी ही पद्धत २००१ मध्ये प्रसिद्ध केली. पोटाच्या बाहेरच्या स्नायूचा जो चिवट पडदा असतो त्याचीच एक पट्टी, दोन्ही टोकं न तोडता, कमजोर जागेवर शिवून टाकतात, म्हणजे बाहेरची वस्तू शरीरात राहत नाही आणि जाळीचा खर्चही नाही. पोलंडमध्ये २०८ पुरुषांवर तुलना झाली, २०१२ ला छापून आली, तीन वर्षांनी बघितलं तर हर्निया परत येण्याचं प्रमाण दोन्हीकडं सारखंच. पण २०१८ च्या आंतरराष्ट्रीय गाइडलाइनमध्ये जाळीच वापरा असं आहे. मग आमच्यासारख्यांनी काय समजायचं? आण्णांना परत जड उचलायचंच आहे, म्हशी काय थांबणार नाहीत. नाही म्हटलं तर तारीख पुढं ढकलतील का, ऑपरेशन शिकाऊ डॉक्टर करणार का, आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं हे कुणी जाणकारानं सांगावं.

प्रतिसाद – निवृत्त_सर्जन

मेडिकल कॉलेजात बरीच वर्षं शिकवलंय म्हणून लिहितो. दोन्हीपैकी कुठली बरी हे खात्रीनं माहीत असतं तर चिठ्ठी टाकायला एथिक्स कमिटीनं, म्हणजे पेशंटचं हित बघून अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीनं, परवानगीच दिली नसती. गाइडलाइन जाळीच्या बाजूनं आहे कारण जाळीचा अनुभव कितीतरी जास्त वर्षांचा आणि जास्त पेशंटचा आहे, देसर्डाचे आकडे चांगले आहेत पण लांबच्या पल्ल्याचे कमी आहेत. म्हणूनच तर अभ्यास करतायत. दुसरी बाजू पण लक्षात घ्या, हर्नियाच्या ऑपरेशननंतर साधारण दहातल्या एकाला जांघेत जुनाट दुखणं राहतं, जाळी नसेल तर ते कमी होईल का हाही यातला एक प्रश्न असतो.

नाही म्हटल्यानं उपचारात फरक पडता कामा नये. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट आहे, सही केल्यावरसुद्धा कधीही बाहेर पडता येतं आणि अभ्यासामुळं काही इजा झाली तर त्याचे उपचार फुकट. सही केलेल्या कागदाची प्रत मागून घ्या, मिळालीच पाहिजे. पत्रकावर एथिक्स कमिटीचा संपर्क असतो तो बघा आणि सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या अशा अभ्यासांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी नंबर विचारा, त्या साइटवर अभ्यासाची माहिती कुणालाही वाचता येते.

पीजी ऑपरेशन करतील का, तर अभ्यासात असा किंवा नसा, टीचिंग हॉस्पिटलात त्यांचा हात असणारच. विचारायचं ते असं की टेबलावर सोबत सिनियर कोण असणार, आणि देसर्डा त्यांच्या हातून किती झाल्यात. अजून एक, जो कुणी विचारत नाही. आत गेल्यावर तो पडदा पातळ किंवा विरलेला निघाला तर देसर्डा करता येत नाही, मग काय करणार हे आधीच विचारून ठेवा. उत्तर 'जाळी बसवू' असंच यायला हवं.

प्रतिसाद – वॉर्डातली_ताई

दादा, मी सर्जरी वॉर्डात स्टाफ नर्स आहे. चिठ्ठीपेक्षा महत्त्वाचं आधी सांगते. तारखेपर्यंत गाठ आत जाईना, घट्ट होऊन दुखायला लागली, उलट्या सुरू झाल्या किंवा संडास-वारा बंद झाला तर गुरुवारची वाट बघू नका, तसंच कॅज्युअल्टीत या, आतडं अडकलेलं असू शकतं.

आण्णांना लघवीला जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठतात, हे त्यांना एकांतात विचारा. या वयाची माणसं डॉक्टरांसमोर आणि सुनेसमोर कधीच सांगत नाहीत. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या लघवीच्या पिशवीखालची गाठीसारखी ग्रंथी, वाढलेलं असेल तर कमरेतल्या भुलीनंतर लघवी तुंबते, मग नळी घालावी लागते, आणि रोज जोर करत राहिले तर शिवलेल्या जागेवर ताण येतो. बिडी असेल तर आजच बंद, त्या खोकल्यानं टाक्यांचे फार हाल होतात. बद्धकोष्ठ असेल तर तेही सांगा.

ऑपरेशननंतर अंडाला सूज आणि काळंनिळं दिसलं की सगळे घाबरतात, थोडं असतंच, पण ताप आला, जखमेतून पू आला किंवा सूज वाढतच गेली तर परत दाखवायचं. चालणं दुसऱ्या दिवसापासून. दुधाचा ४० लिटरचा कॅन किती आठवडे उचलायचा नाही हे डिस्चार्ज कार्डावर लिहूनच घ्या, "जड उचलू नका" एवढ्यावर गावाकडची माणसं आठव्या दिवशी कॅनला हात लावतात, मी बघितलंय.

प्रतिसाद – कराडचा_पोरगा

माझ्या चुलत्यांनी अशाच एका अभ्यासाला नाही म्हटलेलं, दुसऱ्या हॉस्पिटलात. तारीख तीच राहिली, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. हो म्हणणार असाल तर फॉलोअपचं विचारा, वर्षातनं किती वेळा बोलावणार आणि फोनवर चालेल का, कारण दर वेळी एसटीनं जाऊन दिवस मोडतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुम्ही म्हणालात तसं गोठ्यात एकटं गाठून विचारलं, रात्री तीन-चारदा उठतात आणि धार बारीक आहे, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. उद्या सकाळी ओपीडीत जाऊन आधी हेच सांगणार.

काल रात्री पत्रक मी आमच्या भाषेत वाचून दाखवलं, आण्णांनी मध्ये मध्ये थांबवून विचारलं. नाही म्हटलं तरी ऑपरेशन होणारच हे कळल्यावर जरा सैल झाले. मग म्हणाले, पुण्याच्या डॉक्टरांनी काढलंय तर बघू की, पण सिनियर डॉक्टर टेबलाजवळ असतील हे त्यांच्या तोंडून ऐकल्याशिवाय सही नाही. मलाही ते पटलं. त्या पीजी डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उद्या दुपारी ओपीडी संपल्यावर बसून बोलू म्हटलंय.

देसर्डा होऊन चार-पाच वर्षं झालेत आणि शेतीचं किंवा ओझ्याचं काम करतायत असं कुणी ओळखीत असेल तर उद्या दुपारच्या आत नक्की लिहा.