कोरियन-अमेरिकन कादंबऱ्यांतील भाषा आणि ओळख : कोणती पुस्तके वाचावीत?

वाचनगट_ठाणे
नमस्कार. आमच्या गटात नुकतीच मिन जिन ली यांची ‘पचिन्को’ वाचून झाली. परंतु तिच्यातील कोरियन कुटुंब जपानमध्ये राहते. आता अमेरिकेत स्थायिक झालेल्या कोरियन माणसांविषयीची, आणि त्यातही भाषा हाच ज्यांचा मुख्य विषय आहे अशी पुस्तके कृपया सुचवावीत. खाद्यपदार्थ आणि सणावारांच्या वर्णनांवर चालणारी पुस्तके नकोत. ती पुष्कळ झाली.

सुनीती
चँग-रे ली यांची ‘नेटिव्ह स्पीकर’ (१९९५) आधी घ्यावी. नायक हेन्री पार्क हा पेशाने हेर आहे आणि त्याची गोरी पत्नी लीलिया मुलांचे उच्चार सुधारण्याचे काम करते. ही जोडी लेखकाने विचारपूर्वकच जुळवली असणार. हेन्रीचे वडील कोरियात अभियांत्रिकी शिकलेले, पण न्यूयॉर्कमध्ये भाजीचे दुकान चालवतात. मुलाचे इंग्रजी ऐकून गिऱ्हाइकांवर छाप पडावी म्हणून ते त्याला शेक्सपिअर म्हणून दाखवायला सांगतात, तर हा मुद्दाम दुकानातल्या माणसांशी कोरियनमध्येच बोलतो. मग गिऱ्हाइके, त्याला काही कळत नाही अशा समजुतीने, त्याच्यासमोरच कोरियन लोकांविषयी वाटेल ते बोलतात. त्याच्या हेरगिरीची उमेदवारी तिथेच झाली, असे मला वाटते.

दुसरा प्रसंग घरातला आहे. वर्षानुवर्षे घर सांभाळणाऱ्या बाईंना हेन्री केवळ ‘अजुम्मा’ म्हणतो. त्यांचे नाव त्याला ठाऊकच नाही, हे कळल्यावर लीलिया हादरते. (आपण ज्यांना ‘मावशी’ म्हणतो, त्यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?) हेन्रीची बाजू आपल्याला चटकन समजते आणि त्यामुळेच ही पाने वाचताना अवघडल्यासारखे होते.

अनिरुद्ध_क
सुनीतीताईंशी सहमत आहे. अधिक अवघड पुस्तकाची तयारी असल्यास थेरेसा हाक क्युंग चा यांचे ‘डिक्टे’ (१९८२) वाचावे. त्याला रूढ अर्थाने कादंबरी म्हणता येणार नाही. आरंभीच एक फ्रेंच शुद्धलेखन आहे, ज्यात सांगणाऱ्याने ‘पूर्णविराम’ म्हटल्यावर चिन्ह न काढता तो शब्दच लिहिला जातो. परक्या भाषेत आज्ञाधारकपणे लिहिणे म्हणजे काय, हे त्या एका पानात उमगते. पुढे लेखिकेच्या आईविषयीचे प्रकरण येते, जिच्या तरुणपणी मांचुरियात (चीनच्या ईशान्य भागात) जपानी सत्तेखाली कोरियन बोलण्यास बंदी होती. ते प्रकरण गटात मोठ्याने वाचावे.

वाचनगट_ठाणे
आभारी आहे. ‘डिक्टे’साठी फ्रेंच येणे आवश्यक आहे का?

अनिरुद्ध_क
नाही. ते शुद्धलेखन फ्रेंचपाठोपाठ इंग्रजीतही दिलेले आहे. इतरत्र अडेल तिथे थोडे अडू द्यावे.