तरुणांमध्ये सेवा करताना वाटणारी भीती : अनुभव धागा

जय ख्रिस्त! चर्चच्या तरुण संघात किंवा शब्बाथ शाळेत (मुलांच्या बायबल वर्गात) बोलायला नव्याने उभं राहणाऱ्याचे पाय लटपटतात. मुरलेल्या सेवकांनी इथे नेमकं लिहावं: काय करायचं, कुठे बिघडतं.

शब्बाथ शाळा शिक्षिका, नगर
पहिली साक्ष, म्हणजे प्रभूचा स्वतःचा अनुभव सांगणं, तीनच मिनिटांची ठेवा. हाताने लिहिलेलं एक फुलस्केप पान पुरतं. आधी काय होतं, प्रभूने कुठे गाठलं, आता रोजच्या वागण्यात काय बदललं. यातलं तिसरं सगळ्यात मोठं हवं. बहुतेकांचं उलटं होतं. जुन्या गोष्टींतच वेळ सरतो आणि घाईघाईने ‘आमेन’ येतं. सुटा कागद हातात थरथरतो, तो दिसला की धडधड आणखी वाढते. म्हणून पान पुठ्ठ्याला चिकटवा. पहिलं वाक्य मात्र तोंडपाठ हवं, घसा तिथेच कोरडा पडतो.

तरुण संघ, जालना
एकदम संदेश (प्रवचन) देऊ नका. आधी वचनवाचन (बायबलचा उतारा वाचणं), मग सूचना, मग छोटी प्रार्थना, मग साक्ष. प्रत्येक पायरी निदान दोन-तीनदा होऊ द्या. शनिवारी संध्याकाळी रिकाम्या चर्चमध्ये माइकवरून सराव करून घ्या, माइक तोंडापासून चार बोटं. आणि पहिल्या वाचनाला अवघड नावांचा उतारा कधीच नको! ‘नबुखद्नेस्सर’ला जीभ अडखळली, मागच्या बाकावर कुणी हसलं, की ते मूल पुन्हा पुढे यायला तयार होत नाही. हसणाऱ्यांना तिथल्या तिथे प्रेमाने थांबवणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे.

युवा गट, वसई
कॉलेजची मुलं काय विचारतील याची धास्ती जास्त असते. गट सहा-आठ जणांचाच ठेवा, प्रश्न चिठ्ठ्यांवर निनावी घ्या आणि आदल्या आठवड्यात घ्या, म्हणजे फादरांशी बोलून तयारी होते. ‘देव चांगला आहे, तर आजारपण का?’ याला रेटून उत्तर देऊ नये. ‘मला आत्ता सांगता येत नाही, पुढच्या रविवारी बोलू’ म्हणा, आणि पुढच्या रविवारी खरंच बोला. विसरलात तर विश्वास जातो. आपण प्रश्न विचारला तर मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहा. नवखा शिक्षक तिसऱ्या आकड्यालाच स्वतः उत्तर देऊन टाकतो.

पाळक, कोल्हापूर
सुवार्ता सांगायला बाहेर जाताना कुणालाही एकटं पाठवू नका. येशूनेही बारा जणांना दोघे दोघे पाठवलं (मार्क 6:7). एक बोलतो, दुसरा मनात प्रार्थना करतो आणि पहिला अडला की धागा उचलतो. लोक काय म्हणतील ही भीती खरी आहे, तिला हसू नका. संविधानाच्या कलम 25 मध्ये धर्म आचरण्याचं आणि त्याचा प्रचार करण्याचं स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. शिवाय धर्मांतराबाबत राज्याचा कायदा काय म्हणतो ते आधी वकिलाकडून समजून घ्या. अठरा वर्षांखालील प्रत्येकासाठी पालकांची लेखी परवानगी, मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं, आणि कसलंही आमिष नाही. हे चोख असलं की विचारणाऱ्यासमोर मान खाली घालावी लागत नाही.

भजन मंडळ, पुणे
बोलायला घाबरणाऱ्याच्या हातात आधी टाळ द्या. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगांत गायला, ती वाट आपल्या मुलांना घरची वाटते. सुरुवातीला धृपद सगळ्यांनी, महिनाभराने एक कडवं त्याने एकट्याने. पेटीची पट्टी त्याच्या गळ्याला बघून धरा. वरची पट्टी लागली की आवाज फाटतो आणि तो मुलगा टाळही खाली ठेवतो.